मांडीखालचे हात

पडद्यावर लाल ओळ उमटली की आमच्या कचेरीतल्या प्रत्येकाचा हात कीबोर्डाकडे धावे. दिगूकाका मात्र आपले दोन्ही हात मांड्यांखाली सारत, त्यांवर नीट बसत आणि मान किंचित पुढे काढून वाचू लागत. साठी उलटलेला, उंच, सागवानी रंगाचा माणूस शाळेतल्या शिक्षा झालेल्या मुलासारखा खुर्चीत बसलेला आहे, हे दृश्य मी पहिल्या दिवशी पाहिले तेव्हा मला वाटले, यांना थंडी वाजते आहे. वातानुकूलन यंत्र माझ्याच डोक्यावर होते, म्हणून मी ते नम्रपणे बंद केले. त्यांनी पडद्यावरची नजर न काढता विचारले, "बाईनू, हवा कित्याक बंद केलात?"

"तुम्हाला थंडी वाजतेय ना?"

"थंडी नाय. हात आवरून धरलंय. हात येवजूक लागले काय डोक्याक काम ऱ्हवणा नाय."

येवजणे म्हणजे विचार करणे. हातांनी विचार सुरू केला की डोके रिकामे बसते, हा त्यांचा पहिला सिद्धान्त मी पहिल्याच तासाला ऐकला. त्याचा अर्थ कळायला मला पाच महिने लागले.

आमचे काम काय होते ते आधी सांगायला हवे. अमेरिकेतली एक औषध-वितरण कंपनी दिवसभर दवाखान्यांच्या मागण्या गोळा करी आणि रात्री त्या सगळ्या मागण्या एका मोठ्या मेनफ्रेम संगणकावर एकामागून एक कामे लावून निकालात काढी. या प्रत्येक कामाला जॉब म्हणत. मागण्या वाचणे, त्या क्रमाने लावणे, साठ्यातून औषधे वजा करणे, गोदामासाठी यादी लिहिणे, यादी पाठवणे अशा पायऱ्यांनी ही कामे चालत. कोणते काम कोणाच्या मागून आणि केव्हा सुरू व्हायचे, हे शेड्यूलर नावाची व्यवस्था ठरवी. एक जॉब मध्येच पडला की त्याच्या मागचे सगळे ताटकळत उभे राहत. पडलेला जॉब का पडला ते शोधणे आणि तो योग्य जागेपासून पुन्हा उभा करणे, एवढेच आमचे काम. तिकडची रात्र म्हणजे आपला दिवस. त्यामुळे कुडाळच्या बसस्थानकामागे, एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आम्ही आठ माणसे सकाळी सात ते दुपारी चार दुसऱ्या देशाची रात्र राखत असू. आपल्या दुपारी तीनला तिकडचे ट्रक गोदामातून निघत. तोवर यादी पोहोचली नाही, तर कुठल्यातरी दवाखान्यात कुणाचेतरी औषध एक दिवस उशिरा पोहोचणार, हे काका नव्या माणसाला पहिल्या चहाबरोबर सांगत.

मी मूळची गणिताची शिक्षिका. सावंतवाडीच्या एका शाळेत अकरा वर्षे कंत्राटावर शिकवले. पद रद्द झाले तेव्हा चौतिसाव्या वर्षी ही नवी विद्या शिकायला बसले. सहा महिने उमेदवारी होती. त्यात टिकले तर नोकरी कायम. नाही तर साताऱ्याकडच्या एका निवासी शाळेने देऊ केलेली जागा घ्यायची आणि वालावलचे घर, आईचे दोन दुखरे गुडघे आणि आईखेरीज फक्त मलाच दूध काढू देणारी एक म्हैस मागे ठेवून जायचे. आई रोज संध्याकाळी विचारी, "आज काय पडला नाय मां?" पडणे हेच आमचे अन्न आहे, काही पडलेच नाही तर आम्हाला कोण ठेवील, हे मी तिला समजावून थकले.

दिगूकाका देवबागचे. वडील तांडेल होते, म्हणजे होडीवरचे मुख्य. काका मात्र बारावीनंतर मुंबईला गेले आणि मोठमोठ्या संगणककेंद्रांत तीस-पस्तीस वर्षे हेच काम करून परत आले. पहाटेच्या पहिल्या गाडीने मालवण, तिथून कुडाळ, हा त्यांचा रोजचा प्रवास. अंगात अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट. टंकलेखन दोन बोटांनी. 'अर्जंट' या शब्दाशी त्यांचे वैर होते. आमचे व्यवस्थापक नाईक "काका, अर्जंट आहे" म्हणत आले की ते शांतपणे म्हणत, "मगे सावकाश करूक व्हया. सायबा, घाई करूक आपल्याकडे टायम नाय."

जॉबांची खरी नावे आठ अक्षरांची आणि अर्थहीन असत. काकांनी त्यांना गावातली नावे दिली होती. दर सोमवारी हटकून पडणाऱ्या एका जॉबाचे नाव होते बाळग्या. देवबागात त्या नावाचा एक आळशी नावाडी होता म्हणे. वेळेवर कधीच न येणाऱ्या जॉबाला ते एस.टी. म्हणत. एकदा अमेरिकेतल्या कंपनीच्या रात्रपाळीप्रमुख लिंडाबाई फोनवर असताना नाईकांच्याच तोंडून "बाळग्या इज डाऊन" असे निघून गेले. लिंडाबाईंनी ते नाव टिपून घेतले. पुढच्या महिन्यात तिकडून आलेल्या अधिकृत अहवालात बाळग्या इंग्रजी लिपीत दिमाखाने उभा होता. काकांनी तो कागद घरी नेऊन खऱ्या बाळग्याला दाखवला. त्याला विशेष आनंद झाला नाही. तो एवढेच म्हणाला, "थंयसुद्धा माकाच बदनाम केल्यात?"

शिकवण्याची त्यांची रीत मला, एका शिक्षिकेला, मनापासून आवडे. ते व्याख्या सांगत नसत. माझ्यासमोर पहिला जॉब पडला तेव्हा मी विचारले, "काका, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू?" त्यांनी मला खिडकीशी नेले आणि खाली रस्त्याकडे बोट दाखवले. एक मासळीविक्रेता टेम्पोच्या टपावर जाळे पसरून दुरुस्त करीत होता.

"जाळा फाटला म्हणान कोण सगळा जाळा नव्यान विणता काय? फाटला खंय तां बघायचा आणि थंयसून गाठी मारीत जायचा."

त्यांची एक वहीही होती. संगणकावर सगळ्याची नोंद आपोआप होत असताना हा माणूस निळ्या शाईने वहीत पाच रकाने भरी: कोण पडला, कुठल्या पायरीवर, कशाने, पडण्याआधी काय करून झाले, आणि कुठून उठवला. चौथ्या रकान्याखाली त्यांनी दुहेरी रेघ मारली होती. नवीन माणूस नेमका तोच रकाना मोकळा सोडी. काका वही परत ढकलत. "पडलेलो माणूस खंय जायत होतो तां सगळेच इचारतत. तो खंयसून इलो आणि हातात काय होता, तां कोण इचारणार?"

साठ्यातून औषधे एकदा वजा झालेली असताना जॉब पहिल्यापासून लावला, तर ती दुसऱ्यांदा वजा होतात. म्हणून पूर्ण झालेल्या पायऱ्या ओलांडून पडलेल्या पायरीपासून सुरू करायचे. हे मी पाठ केले. इतके पाठ केले की मला त्याचा थोडा गर्वही झाला. विद्यार्थिनी म्हणून ही माझी जुनी खोड: नियम हाती आला की उदाहरणाकडे बघायचे सोडून देते.

दुसरी ताकीद ते हिरव्या रंगाबद्दल देत. पडद्यावर हिरवी ओळ म्हणजे काम पूर्ण. "लाल रंगाक भियांव नको, गो. लाल रंग खरो बोलता. भियाचा तां न बघता मिळालेल्या हिरव्याक." या वाक्यात 'बाईनू' जाऊन जवळिकीचा 'गो' आला होता, हे माझ्या लक्षात आले आणि मी घरी जाऊन आईला सांगितले. आई म्हणाली, "म्हणजे पास झालंस?" मी म्हटले, "नाही, अजून एक महिना आहे."

त्या शेवटच्या महिन्यातल्या एका बुधवारी काकांनी रजा टाकली. देवबागच्या किनाऱ्यावर रापण लागणार होती. समुद्रात अर्धवर्तुळ टाकलेले ते लांबच लांब जाळे दोन्ही टोकांच्या दोरांनी किनाऱ्यावर ओढतात. ओढायला सारी वाडी जमते आणि दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो कुणीही असो. काका मुंबईत असतानासुद्धा रापणीसाठी रजा काढून येत. जाताना मला म्हणाले, "बाळग्या सोमवारी पडता. बुधवारी कोण पडणा नाय. सुखान ऱ्हव."

दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी यादी लिहिणारा जॉब पडला.

मी घाबरले नाही. मांड्यांखाली हातही घातले. नोंद वाचली. पहिल्या तीन पायऱ्या पूर्ण. चौथी, म्हणजे यादी लिहिण्याची पायरी, डिस्कवर जागा संपल्याने अर्ध्यावर थांबलेली. दुसऱ्या एका जॉबाच्या जुन्या तात्पुरत्या फायलींनी जागा अडवली होती. त्या मी रीतसर काढल्या आणि नियमाप्रमाणे जॉब चौथ्या पायरीपासून लावला. बारा पन्नासला ओळ हिरवी झाली. नाईक माझ्या मागेच उभे होते. "वा, बाई! काकांशिवाय!" असे म्हणून त्यांनी लिंडाबाईंना निरोपही पाठवला की सर्व सुरळीत आहे. दीड वाजता यादी पाठवणारा पुढचा जॉब आपोआप सुटणार होता. मी वही ओढली. चौथ्या रकान्यात ऐटीत लिहिले: 'तीन पायऱ्या पूर्ण.'

दुहेरी रेघेवर लेखणी अडखळली. अकरा वर्षे मुलांना उत्तर आल्यावर ताळा करायला लावणारा हात तो. सवयीने मी मागण्यांच्या ओळी आणि यादीतल्या ओळी ताडून पाहिल्या. दोन्ही सारख्या हव्या होत्या. यादी दीडपट भरली.

दीडपट! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन पायऱ्या पूर्ण होत्या हे खरे. पण चौथीसुद्धा कोरी नव्हती. पडण्याआधी तिने अर्धी यादी लिहून ठेवली होती. मी ती पायरी पुन्हा लावली, तेव्हा तिने जुन्या अर्ध्या यादीच्या शेवटाला नवी पूर्ण यादी जोडली. निम्म्या दवाखान्यांची औषधे दोनदा भरली जाणार होती आणि यादीच्या शेवटी असलेल्या लहान दवाखान्यांच्या वाट्याला रिकामी फळी येणार होती. पडदा मात्र भाताच्या रोपांसारखा हिरवागार होता. घड्याळात एक वाजून अठरा मिनिटे झाली होती.

मी नाईकांना सांगितले. ते खुर्चीत बसले. "मी तर कळवून टाकलं, बाई," एवढेच ते म्हणाले. मी काकांना फोन लावला. पलीकडून प्रथम समुद्र ऐकू आला, मग "हय्या हो" करणारी पन्नास माणसे, मग काका.

"बोल गो."

मी एका दमात सगळे सांगितले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी कधी विसरणार नाही.

"हात खंय आसत तुझे?"

"एक कीबोर्डावर, एकात फोन."

"काढ. मांडयेखाली घाल. घातलंस? आता फोन स्पीकरार ठेव."

फोन तर कानाला होता. तो नाईकांनी माझ्या हातून घेऊन टेबलावर ठेवला.

"आता फक्त उजवो हात भायर काढ. पाठवणाऱ्या जॉबाक होल्ड लाव. लावलंस? हात परत आत."

मी होल्ड लावला आणि हात खरोखरच परत आत घातला. पाठवणारा जॉब आता दीड वाजले तरी सुटणार नव्हता.

"बरा. आता सांग, यादी कोणी वाचल्यान? खंय गेली?"

"कुणी नाही. अजून इथेच आहे."

"मगे रडतंस कित्याक? जाळा अजून पाण्यात आसा. मासो भायर पडूक नाय." मागून कुणीतरी ओरडले, "दिग्या, फोनार बोलतंस काय दोर ओढतंस?" काका तिकडे ओरडले, "ओढतंय रे मेल्या! एका टायमाक दोन रापणी ओढतंय!" मग पुन्हा माझ्याकडे वळून, "आता तूच सांग. काय करशीत?"

सांगून टाकणे त्यांना सहज शक्य होते. पण त्यांनी विचारले. मी म्हणाले, "दीडपट झालेली यादी पूर्ण काढून टाकते. पायरी कोऱ्या पाटीवर पुन्हा चालवते. मग ताळा करते. जुळला तर होल्ड काढते."

"आणि त्या बाईक काय सांगशीत?"

"लिंडाबाईंना? खरं तेच. आमचा हिरवा रंग चुकीचा होता, थांबा."

"सांग. ती थांबतली. तिका 'थांब' म्हणजे काय तां म्हायत आसा, मीच शिकयलंय." आणि फोन बंद झाला; बहुधा दोराला दुसरा हात हवा होता.

मी लिंडाबाईंना फोन केला आणि सारे सांगितले. त्यांनी गंभीर आवाजात विचारले, "थांब?" मी म्हटले, "थांब." दोन वाजून दहा मिनिटांनी ताळा जुळला. मी तो दोनदा केला, नाईकांनी तिसऱ्यांदा केला. यादी सव्वादोनला पोहोचली आणि ट्रक वेळेवर निघाले. मग मी वही पुढे घेतली. चौथ्या रकान्यातले ऐटीचे तीन शब्द खोडले नाहीत. त्यांच्यापुढे लिहिले: 'आणि चौथी अर्धी. हे मी पाहिले नाही.' खाली सही केली. घरी गेल्यावर आईला सांगितले की साताऱ्याची तयारी ठेवायला हवी. आई म्हशीकडे गेली आणि बराच वेळ तिच्याशीच बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी काका पिशवीभर बांगडे घेऊन आले. एक वाटा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "कालच्या रापणीचो वाटो. दोराक तुझोय हात होतो." मग वही उघडून त्यांनी माझी नोंद वाचली आणि खिशातल्या पाकिटातून एक पिवळे पडलेले पोस्टकार्ड काढले.

मुंबईत नवे असताना काकांच्या हाती एका परीक्षेची प्रवेशपत्रे छापण्याचे काम होते. जॉब अर्ध्यावर पडला. यांनी घाईने पहिल्यापासून लावला. निम्म्या उमेदवारांना दोन-दोन प्रवेशपत्रे गेली, तीही दोन वेगळ्या बैठक क्रमांकांची. आठ दिवस काका रद्दचे शिक्के मारीत बसले. त्यांत एका उमेदवाराचे हे कार्ड आले. सुवाच्य अक्षरात लिहिले होते: 'महोदय, मला आपण दोन जागा दिल्या आहेत. मी एकच आहे. तरी कोठे बसावे ते कळवावे.'

"त्या दिवसापासून मी हातार बसतंय," काका म्हणाले. "बसूची जागा ह्या पोरान इचारल्यान, मी ती माका शोधून काढलंय."

नाईक ऐकत उभे होते. माझ्या कायम होण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर पडून होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होते. काका त्यांच्याकडे वळले. "सायबा, माझ्याकडसून चूक होणाच नाय म्हणता, तेका घराक धाड. चूक झाली, ती जेणां सोताच शोधल्यान आणि लिवन ठेयल्यान, तेका सोडू नको. असली माणसा बाजारात गावणत नाय." नाईक म्हणाले, "काका, लिंडाबाईंची मेल आली आहे. 'थांब' म्हणणाऱ्या बाईंनाच बुधवारी ठेवा म्हणतात." त्यांनी कागदावर माझ्यासमोर सही केली. आईने त्या संध्याकाळी बांगड्यांचे तिखले केले आणि साताऱ्याच्या शाळेला नकार कळवण्याचे पत्र मी जेवणाआधीच लिहिले.

काका त्यानंतर दीड वर्ष आमच्याबरोबर होते. मग एक दिवस म्हणाले, "आता दोन गाडये बदलूक जमणा नाय. आणि बाळग्याची होडी इकूक काढलीहा, ती मी घेतंय." निरोपाच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे उभे राहिलो. नाईकांनी भाषण सुरू केले. काकांनी वही माझ्या हाती दिली. मधोमध ते पोस्टकार्ड होते. मी काही बोलणार तोच पडद्यावर लाल ओळ आली.

सोमवार होता. बाळग्याच.

क्षणभरात सातही माणसे आपापल्या खुर्च्यांत बसली आणि चौदा हात मांड्यांखाली गेले. नाईकांचेही. कुणी काही ठरवले नव्हते. मी मोठ्याने विचारले, "पडण्याआधी काय करून झालं?" आणि पलीकडून कुणीतरी शांतपणे वाचू लागले.

मी दाराकडे पाहिले. काका पिशवी खांद्याला लावून निघण्याच्या तयारीत उभे होते. त्यांची नजर पडद्याकडे जात होती आणि ते ती पुन्हा पुन्हा जिन्याकडे वळवत होते. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशांत घातले, अगदी खोल, आणि तसेच हसत जिना उतरून गेले.